हीटिंग बंद पडले तर : आधी दोष ओळखा, मग पाना उचला



आपल्या कोकणातील अनेक मुस्लिम घराण्यांची एखादी फांदी आता विलायतेत रुजली आहे. कोणाचा भाऊ तिथे दुकान चालवतो, कोणाची मुलगी लग्न होऊन गेली आहे, कोणी घर घेऊन भाड्याने दिले आहे. काही तरुण तिथे नळकाम शिकून पोट भरतात. या सर्वांना दर हिवाळ्यात एकाच यंत्राची काळजी असते, ती म्हणजे घर गरम ठेवणारे सेंट्रल हीटिंग. डिसेंबरच्या रात्री ते बंद पडले तर घरातील म्हाताऱ्या माणसांचे आणि तान्ह्या मुलांचे हाल होतात. अशा वेळी माणूस घाबरतो. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला "बॉयलरच बदलावा लागेल" असे सांगणे कोणालाही सोपे जाते.

बॉयलर बदलणे हा मोठा खर्च आहे. हीटिंग बंद पडण्याची कारणे मात्र पुष्कळ वेळा लहान असतात. थर्मोस्टॅटची बॅटरी संपलेली असते, पाण्याचा दाब उतरलेला असतो, एखादी पिन अडकलेली असते किंवा बाहेरची नळी गोठलेली असते. म्हणून या लेखाचा मुद्दा एकच आहे. दोष क्रमाने शोधावा, फुकट तपासता येते ते आधी तपासावे, आणि दोष सिद्ध झाल्याशिवाय एकही भाग बदलू नये.

आपल्या भिवंडी-मालेगावच्या कारागिरांना ही रीत नवी नाही. मागावर धागा वारंवार तुटू लागला तर हुशार जॉबर लगेच माग खोलत नाही. तो आधी सूत पाहतो, मग ताण, मग फणी, मग धोटा. हीटिंगचेही तसेच आहे.

यंत्रणा कशी चालते?

ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत गॅसचा बॉयलर पाणी तापवतो. एक पंप ते गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरवतो. रेडिएटर म्हणजे भिंतीला लावलेला लोखंडी पत्र्याचा पोकळ चपटा डबा. पाणी तिथे आपली उष्णता खोलीला देते आणि थोडे थंड होऊन बॉयलरकडे परत येते. तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. नळाला येणारे पाणी वेगळे असते.

बॉयलरला हुकूम देणारे दोघे आहेत. एक घड्याळ, म्हणजे टायमर, आणि दुसरा भिंतीवरचा थर्मोस्टॅट. टायमर वेळ सांगतो आणि थर्मोस्टॅट खोलीचे तापमान सांगतो. दोघांनी "हो" म्हटले तरच बॉयलर पेटतो.

घरांमध्ये साधारण तीन पद्धती आढळतात. आपल्या घरात कोणती आहे हे आधी समजून घ्यावे, कारण दोष शोधण्याची वाट त्यावर ठरते.

(१) कॉम्बी बॉयलर : एकच बॉयलर रेडिएटरही तापवतो आणि नळाला लागेल तेव्हा गरम पाणीही देतो. साठवणीची टाकी नसते.

(२) बंद पद्धत, सिलिंडरसह : गरम पाणी सिलिंडरमध्ये साठते. रेडिएटरचे पाणी दाबाखाली बंद असते आणि दाब दाखवणारा गेज असतो.

(३) जुनी उघडी पद्धत : पोटमाळ्यावर एक लहान टाकी असते. रेडिएटरचे पाणी कमी झाले की ती भर घालते. या पद्धतीत दाबाचा गेज नसतो.

आधी जिवाची खबरदारी

दुरुस्तीला हात घालण्याआधी मर्यादा कळली पाहिजे. पाण्याची बाजू आणि गॅसची बाजू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेडिएटरमधील हवा काढणे, दाब भरणे, बॅटरी बदलणे, गोठलेली नळी सोडवणे ही कामे घरातला समजूतदार माणूस करू शकतो. बॉयलरचे झाकण उघडणे मात्र त्याचे काम नाही. पुष्कळ बॉयलरमध्ये ते झाकण म्हणजे ज्वलनाची कोठडी बंद ठेवणारा भाग असतो. ते नीट बसले नाही तर विषारी वायू घरात येऊ शकतो.

हा वायू कार्बन मोनॉक्साइड होय. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे. घरातील सर्वांना एकदम असे होऊ लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर तो सर्दी-ताप समजू नये. बॉयलर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर काढावे आणि डॉक्टर गाठावा. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे जीव गेल्याच्या बातम्या येतात, त्यामागेही बहुधा हाच वायू असतो.

गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबू नये, काडी ओढू नये. मीटरजवळचा गॅसचा खटका बंद करावा, बाहेर पडावे आणि बाहेरूनच ०८०० १११ ९९९ या गॅस आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा.

ब्रिटनमध्ये धंदा म्हणून गॅसचे काम करणाऱ्याने गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेले असणे कायद्याने सक्तीचे आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००९ रोजी या नोंदवहीने जुन्या कॉर्गी नोंदणीची जागा घेतली. कारागीर दारात आला की त्याचे ओळखपत्र मागावे. त्यावर त्याचे छायाचित्र, क्रमांक आणि मुदत असते. मागच्या बाजूला तो कोणती कामे करू शकतो हे लिहिलेले असते. तीही बाजू वाचावी. ओळखपत्र मागण्यात कसला अपमान नाही. खरा कारागीर ते आपणहून दाखवतो.

पहिली पायरी : हुकूम पोहोचतो का?

बॉयलर मुका दिसला तर खालील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. यातील एकाही तपासणीला पैसा लागत नाही.

वीज : बॉयलरच्या पडद्यावर अक्षर किंवा दिवा दिसतो का? नसेल तर त्याचा भिंतीवरचा स्विच पाहावा. साधारणपणे त्यात ३ अँपिअरचा फ्यूज असतो. घरच्या मुख्य बोर्डवरील खटका पडला आहे का, तेही पाहावे. फ्यूज एकदा बदलून पुन्हा उडाला तर जाड फ्यूज घालू नये. दोष विजेचा आहे आणि तो जाणकाराने पाहावा.

गॅस : स्वयंपाकघरातील शेगडी पेटते का? तीही पेटत नसेल तर दोष बॉयलरचा नाही. आगाऊ पैसे भरून चालणारा मीटर असेल तर शिल्लक संपली आहे का ते पाहावे. निम्म्या रात्री कारागिराला बोलावून त्याने मीटरकडे बोट दाखवावे, असा प्रसंग येऊ देऊ नये.

घड्याळ : वीज गेल्यानंतर काही टायमर चुकीची वेळ दाखवतात. शिवाय ब्रिटनमध्ये मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे-मागे होतात. जुना टायमर हे आपणहून करत नाही. त्यामुळे सकाळी पेटणारे हीटिंग एक तास चुकते आणि घरातील मंडळी बॉयलरला दोष देतात.

थर्मोस्टॅट : खोलीत १७ अंश तापमान असेल तर तो २५ वर फिरवून पाहावा. बॉयलर पेटला तर बॉयलर निर्दोष आहे. बिनतारी थर्मोस्टॅट असेल तर बॅटरी बदलून पाहावी. हा थर्मोस्टॅट उन्हाच्या खिडकीत, दिव्याजवळ किंवा रेडिएटरच्या वर ठेवू नये. त्याला ऊब लागली की तो सबंध घर गरम आहे असे समजतो आणि बाकी खोल्या थंड राहतात.

पडद्यावर दोषाचा क्रमांक दिसत असेल तर तो कागदावर लिहून घ्यावा आणि बॉयलरच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ पाहावा. रीसेटचे बटण एकदा, फार तर दोनदा दाबावे. पुन्हापुन्हा दाबणे म्हणजे यंत्र काही सांगत असताना त्याचे तोंड दाबणे होय.

दुसरी पायरी : पाण्याचा दाब

बंद पद्धतीत गेज हा यंत्रणेची नाडी आहे. यंत्र थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारच्या मध्ये असावा. गरम झाल्यावर तो थोडा वर चढतो, २ च्या आसपास गेला तरी चिंता नाही. दाब फार उतरला तर बॉयलर स्वतःला वाचवण्यासाठी पेटत नाही. दाब ३ बारपर्यंत चढला तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर टाकतो. सायझिंगच्या बॉयलरवर काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

दाब भरण्यासाठी बहुधा जाळीदार पत्र्याचे वेष्टण असलेली एक लवचिक नळी असते. तिच्या टोकांना लहान खटके असतात. यंत्र बंद आणि थंड असताना ते हळूहळू उघडावेत, काटा १ ते १.५ च्या मध्ये आला की घट्ट बंद करावेत. एखादा खटका किंचित उघडा राहिला तर दाब वाढतच जातो आणि नवा दोष उभा राहतो. काही बॉयलरमध्ये नळीऐवजी चावी असते. तिथे पुस्तिकेप्रमाणे वागावे.

इथे एक गोष्ट ध्यानात धरावी. दाब भरणे हा इलाज नाही, ती भरपाई आहे. काही महिन्यांनी एकदा थोडा दाब भरावा लागला तर ठीक. दर आठवड्याला लागत असेल तर पाणी कुठेतरी जात आहे. शिवाय दर वेळी आत गेलेले नवे पाणी आपल्याबरोबर नवा प्राणवायू नेते. त्यामुळे रेडिएटर आतून गंजतात. रोज दाब भरणारा माणूस यंत्राला रोज गंज पाजत असतो.

तिसरी पायरी : रेडिएटरवर हात ठेवा

बॉयलर पेटतो, दाब ठीक आहे, तरी घर थंड आहे, असे असेल तर यंत्र अर्धा तास चालू ठेवून प्रत्येक रेडिएटर हाताने तपासावा. वर, खाली, मध्ये आणि दोन्ही टोकांना. हात जपून लावावा, चटका बसतो. वैद्य नाडी पाहतो तसे हे काम आहे आणि पुष्कळ निदान इथेच होते.

वर थंड, खाली गरम : आत हवा साठली आहे. हीटिंग बंद करून पाणी निवू द्यावे. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात चौकोनी टोकाचा लहान स्क्रू असतो. खाली फडके धरून चावीने तो अर्धा फेरा सैल करावा, पूर्ण काढू नये. सूं असा आवाज येईल. हवा संपून पाणी आले की बंद करावा. खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जावे. नंतर गेज पाहून दाब भरून घ्यावा, कारण हवा निघाली की दाब उतरतो. हे काम करताना जवळ ज्योत नेऊ नये. आत गंज चालू असेल तर साठलेल्या वायूत हायड्रोजन असू शकतो आणि तो पेट घेतो.

वर आणि कडेला गरम, खाली मध्यभागी थंड : तळाला काळा गाळ बसला आहे. हा लोखंडाच्या गंजाचा गाळ असतो. एकच रेडिएटर असेल तर तो काढून अंगणात नळीने धुता येतो. सगळ्यांची हीच गत असेल तर पूर्ण यंत्रणा धुवावी लागते. धुतल्यानंतर गंज रोखणारे औषध पाण्यात घालणे आणि बॉयलरकडे परत येणाऱ्या नळीवर चुंबकाचा गाळप बसवणे शहाणपणाचे आहे. औषध न घालता नुसते धुणे म्हणजे मळलेले कापड धुऊन पुन्हा चिखलात टाकणे.

एकच रेडिएटर पूर्ण थंड, बाकी गरम : त्याच्या टोकाला आकडे असलेला गोल व्हॉल्व्ह असतो. तो खोलीच्या तापमानाप्रमाणे पाणी कमीजास्त करतो. उन्हाळाभर बंद राहिला की त्याची आतली पिन अडकते. वरचे गोल डोके काढले की पिन दिसते. ती बोटाने किंवा लाकडाच्या तुकड्याने हलकेच दाबावी. दाबून सोडल्यावर ती आपणहून वर यायला हवी. पकडीने ओढून काढू नये. पिन बाहेर आली तर काळ्या पाण्याची धार गालिच्यावर पडते. उन्हाळ्यात हे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवले तर हा त्रास कमी होतो.

बॉयलरजवळचे तापतात, दूरचे कोमट : पाणी जवळच्या वाटेने पळते. प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला टोपीखाली आणखी एक व्हॉल्व्ह असतो. जवळच्या रेडिएटरचे हे व्हॉल्व्ह थोडे आवळले की दूरच्यांना पाणी मिळते. किती फेरे फिरवले ते लिहून ठेवावे. रेडिएटर उतरवतानाही हे फेरे मोजून ठेवावेत, म्हणजे पुन्हा बसवताना अंदाज बांधावा लागत नाही.

खालचा मजला गरम, वरचा थंड : पाणी कमी आहे किंवा हवा साठली आहे. जुन्या उघड्या पद्धतीत पोटमाळ्यावरची लहान टाकी पाहावी. तिचा बॉलकॉक वर अडकला तर टाकी कोरडी पडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

वरचा मजला गरम, खालचा थंड : गरम पाणी स्वभावाने वर जाते. त्याला खाली फिरवणारा पंप कमजोर झाला असावा.

चौथी पायरी : पंप आणि वाट बदलणारा व्हॉल्व्ह

बॉयलर पेटतो आणि दोन-तीन मिनिटांत विझतो. त्यातून निघणारी नळी कढत आणि परत येणारी थंडगार. याचा अर्थ पाणी फिरत नाही. एखादा व्हॉल्व्ह बंद राहिला आहे, नळी तुंबली आहे किंवा पंप अडकला आहे. बॉयलरच्या बाहेर असलेला जुन्या पद्धतीचा पंप उन्हाळ्यानंतर कधीकधी जागीच धरतो. त्याला वीज मिळते, अंग तापते, पण फिरत नाही. वीज बंद करून मधला मोठा स्क्रू काढावा आणि पेचकसाने आतला दांडा थोडा फिरवून मोकळा करावा. थोडे पाणी गळते, म्हणून फडके जवळ ठेवावे. आतील बाजूचा पंप असेल तर ते काम नोंदणीकृत कारागिराचे.

कॉम्बीत नळाला गरम पाणी येते पण रेडिएटर थंड राहतात, किंवा उन्हाळ्यात नुसता नळ उघडला तरी रेडिएटर तापतात, तर पाण्याची वाट बदलणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह अडकला असावा. सिलिंडरच्या पद्धतीत हेच काम विजेवर चालणारा वेगळा व्हॉल्व्ह करतो. तो उघडाच अडकला तर बंद केलेले हीटिंगही गरम राहते. अनेकदा त्याचा वरचा मोटरचा डबाच नादुरुस्त असतो. तो बदलता येत असेल तर खालचा पितळी भाग काढण्याची आणि सगळे पाणी सोडण्याची गरज नसते. कारागिराला हा प्रश्न जरूर विचारावा.

सिलिंडर असलेल्या घरात बहुधा विजेची गरम कांडीही बसवलेली असते. बॉयलर बंद असला तरी तिच्यावर अंघोळीचे पाणी तापते. दुरुस्ती होईपर्यंत तिचा आधार घ्यावा.

कडाक्याच्या थंडीतला दोष

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर, थोडे अपवाद वगळता, कंडेन्सिंग प्रकारचा बसवावा लागतो. तो धुरातील वाफेचीही उष्णता घेतो, म्हणून गॅस वाचतो. त्या वाफेचे पाणी एका प्लास्टिकच्या नळीतून बाहेर जाते. ही नळी बाहेरच्या भिंतीवरून गेली असेल आणि तापमान शून्याखाली गेले, तर पाणी आतच गोठते आणि बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडतो. डिसेंबर २०१० च्या भयंकर थंडीत ब्रिटनमध्ये अनेक घरांत हेच झाले.

इलाज सोपा आहे. नळीवर कोमट पाणी ओतावे किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी धरावी. उकळते पाणी ओतू नये, नळी तडकते आणि जमिनीवर सांडलेले पाणी गोठून कोणाचा तरी पाय घसरतो. नळी उंचावर असेल तर शिडीवर चढून हे साहस करू नये. बर्फ सुटला की एकदा रीसेट करावे. हिवाळ्याआधी त्या नळीला पाणी न शोषणारे वेष्टण करावे. नवीन बसवताना बाहेरचा भाग शक्य तेवढा आखूड, उताराचा आणि किमान ३२ मिलिमीटर जाडीचा घ्यायला सांगावे.

आणखी एक लक्षण आवाजाचे. बॉयलरमधून किटली उकळल्यासारखा आवाज येत असेल तर आत क्षार किंवा गाळ बसला आहे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचे पाणी जड, म्हणून तिथे क्षार अधिक. बर्मिंगहॅमला वेल्समधील एलान खोऱ्याचे हलके पाणी येते. तिथे असा आवाज आला तर क्षारापेक्षा गाळाचा संशय आधी घ्यावा.

एक नमुना : दाब रोज उतरतो

आता रीत पूर्ण कळावी म्हणून एक नमुना घेऊ. समजा, एका घरात संध्याकाळी गेज १.५ वर भरला. हीटिंग चालू झाल्यावर काटा ३ ला भिडला. सकाळी यंत्र थंड झाल्यावर तो ०.३ वर आला. घरात कुठेही ओल नाही. कोणी म्हणेल, जमिनीखालील नळी फुटली, फरशी फोडा. कोणी म्हणेल, बॉयलर गेला.

आपण विचार करू. पाणी तापले की फुगते. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर गेले की सुमारे ३ लिटरने वाढते. या वाढीला जागा देण्यासाठी एक्सपान्शन व्हेसल नावाचा डबा असतो. त्याच्या मध्ये रबरी पडदा असतो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. ती हवा निघून गेली की वाढलेल्या पाण्याला जागा राहत नाही. मग दाब ३ वर जातो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, पाणी बाहेर पडते. थंड झाल्यावर तेवढे पाणी कमी पडते आणि काटा खाली येतो. आपल्या नमुन्यातील चढ-उतार या वर्णनाशी तंतोतंत जुळतो.

पुरावा कसा घ्यावा? सेफ्टी व्हॉल्व्हची तांब्याची नळी बाहेरच्या भिंतीतून निघते. तिच्या तोंडाला रात्रभर प्लास्टिकची पिशवी बांधावी. सकाळी पिशवीत पाणी मिळाले तर संशय खरा. पिशवी कोरडी निघाली तर दुसरी चाचणी घ्यावी. यंत्र बंद आणि थंड असताना बॉयलरखालचे जाण्या-येण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवावेत. तरीही काटा उतरला तर गळती बॉयलरच्या बाजूला. उतरला नाही तर गळती नळ्यांत किंवा रेडिएटरमध्ये. सकाळी ते व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय बॉयलर चालू करू नये.

या डब्यात हवा भरण्याचे तोंड सायकलच्या व्हॉल्व्हसारखे असते. पाण्याचा दाब शून्य करून हवा भरली की बऱ्याच वेळा काम होते. हवा भरताना त्या तोंडातून पाणीच आले तर पडदा फाटला, डबा बदलावा लागेल. डबा बॉयलरच्या आत असेल तर हे काम नोंदणीकृत माणसाकडून करून घ्यावे. पण त्याला बोलावताना आपण "बॉयलर बिघडला" असे न सांगता "गरम झाल्यावर ३, थंड झाल्यावर ०.३, आणि पिशवीत पाणी मिळाले" असे सांगू शकतो. एका रात्रीत आणि एका पिशवीच्या किमतीत फरशी वाचली आणि बॉयलरही वाचला.

कारागीर बंधूंसाठी

आपले काही तरुण आखातात नळकाम शिकून पुढे विलायतेत जातात. त्यांनी दोन गोष्टी गाठीला बांधाव्यात. पहिली, नोंदणी होईपर्यंत गॅसच्या कामाला हात लावू नये, ओळखीच्या घरी, उपकार म्हणूनही नाही. रेडिएटर, नळ्या, व्हॉल्व्ह, सफाई या पाण्याच्या बाजूलाच भरपूर काम आहे.

दुसरी, तपासणीची मजुरी आणि दुरुस्तीची मजुरी वेगळी सांगावी. आधी लक्षण लिहावे, मग केलेली चाचणी, मग निष्कर्ष, आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकासमोर ठेवावा. अंदाजाने पंप बदलला, तो लागू पडला नाही, मग व्हॉल्व्ह बदलला, मग सर्किट बोर्ड, आणि सगळ्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेतले, हा धंदा नव्हे. कापडाच्या बाजारात मापात हात आखडणाऱ्याची साख जाते. इथेही तसेच आहे. गिऱ्हाइकाला बॉयलरमधले काही कळत नाही, तो आपल्या शब्दावर विसंबतो. त्याचा तो विश्वास आपल्याकडे अमानत असतो.

घर भाड्याने देणाऱ्यांसाठी

ज्यांनी तिकडे घर घेऊन भाड्याने दिले आहे त्यांना १९९८ चे गॅस सुरक्षा नियम लागू होतात. घरमालकाने दिलेल्या गॅसच्या उपकरणांची दर १२ महिन्यांत नोंदणीकृत कारागिराकडून तपासणी करून घ्यावी लागते. तिचा दाखला भाडेकरूला २८ दिवसांत आणि नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात गॅस बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्रही सक्तीचे झाले आहे. भाडेकरू आपल्याच गावचा, आपल्याच जमातीचा असला तरी यात सूट नाही. उलट तो संकोचाने तक्रार करत नाही, म्हणून आपणच अधिक दक्ष राहावे.

हिवाळ्याआधीची तयारी

सप्टेंबर महिन्यात, थंडी पडण्याआधी, एवढे करावे. हीटिंग अर्धा तास चालवून प्रत्येक रेडिएटर हाताने पाहावा. हवा काढावी, दाब नीट करावा. व्हॉल्व्हच्या पिना हलवून पाहाव्यात. थर्मोस्टॅटची बॅटरी बदलावी. बाहेरची प्लास्टिकची नळी झाकावी. विषारी वायूच्या इशाऱ्याच्या यंत्राचे बटण दाबून आवाज येतो का ते पाहावे. बॉयलरची वार्षिक तपासणी याच महिन्यात ठेवावी, कारण पहिली थंडी पडली की कारागिराची वेळ मिळत नाही.

एक लहान वही बॉयलरजवळ टांगून ठेवावी. तारीख, थंड असतानाचा दाब, गरम झाल्यावरचा दाब, काय बिघडले, कोणी काय बदलले, एवढे त्यात लिहावे. दुकानाचा रोजमेळ आपण जसा ठेवतो तशीच ही वही. पुढच्या वेळी कोणी "बॉयलर बदला" म्हणाला, तर आधी त्याच्यापुढे ही वही ठेवावी आणि कोणत्या चाचणीवरून असे ठरवले, ते विचारावे.